सोनेरी पट्टीच्या आत काय आहे?

सडक अर्जुनीतल्या किंवा कोहमाऱ्याच्या चौफुलीवरच्या हार्डवेअरच्या दुकानात सध्या एकच रंग डोळ्यांत भरतो, तो म्हणजे सोनेरी. कपाटाच्या दारात बसवायची टी-पट्टी, टाइलच्या कडेची पट्टी, पायरीचे नोजिंग, देवघराची जाळी, दाराच्या मुठी, सगळे सोनेरी. एकाच फळीवर ठेवलेल्या या मालात निदान चार वेगवेगळे धातू असतात. एखादी पट्टी खरोखर पितळेची असते. दुसरी सोनेरी थर दिलेल्या स्टेनलेस स्टीलची, तिसरी रंगवलेल्या ॲल्युमिनियमची, आणि मूठ बहुधा जस्ताच्या मिश्रधातूवर पाणी चढवलेली. दिसायला चौघी सारख्या असल्या तरी किमतीत मोठा फरक असतो, आणि पाच पावसाळ्यांनंतर त्या अजिबात सारख्या राहत नाहीत.

धानाचे पैसे हाती आले की घराची कामे निघतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, नाटके होतात, पाहुणे मुक्कामाला येतात. त्याआधी दर्शनी भाग नीट करून घ्यावा असे प्रत्येकाला वाटते. कवेलूची आणि मातीची घरे जाऊन स्लॅबची घरे उभी राहत आहेत, तसा सजावटीचा धातू पहिल्यांदाच एवढ्या प्रमाणात घरात शिरतो आहे. मात्र निवड होते ती मोबाइलवर दिसलेल्या मुंबई-पुण्याच्या फ्लॅटकडे बघून. किनाऱ्यावरच्या घराला जे खाते ते आपल्या घराला खात नाही आणि आपल्या घराला जे खाते त्याचा त्या चित्रांत पत्ताही नसतो. म्हणून धातू चांगला की वाईट, असे विचारून भागत नाही. तो कुठे बसणार आणि त्याला रोज काय लागणार, हे आधी ठरले पाहिजे.

आपल्याकडे समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, हवेत मीठ नाही. ही मोठी सोय आहे. पण वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की उघडे लोखंड गंजू लागते. आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर ती त्याच्या खाली क्वचितच येते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. भर म्हणून घराला लागून गोठा असतो, दारात शेणाचा सडा असतो, आणि बांधकामात ताजे सिमेंट व टाइल धुवायचे ॲसिड असते. मिठाचा त्रास वगळला तर आपले शत्रू हे एवढे आहेत: दमट हवा, ऊन, गोठा, सिमेंट, ॲसिड.

धातूंच्या बाबतीत मात्र हा मुलूख श्रीमंत आहे. आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी ज्या भंडाऱ्यातून वेगळा झाला, ते भंडारा पितळी भांड्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला देशातली सर्वांत मोठी तांब्याची खाण आहे. भंडारा-बालाघाटचा पट्टा मँगनीजचा. सडक अर्जुनीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ पुढे थेट भिलाईला पोहोचतो, जिथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन फेब्रुवारी १९५९मध्ये झाले. ॲल्युमिनियम हवे तर कोरबा छत्तीसगडातच आहे. एवढे सगळे हाताशी असताना पट्टी निवडताना आपण फक्त रंग बघावा, हे मला खटकते.

लोखंडापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त घरांत तेच लागते. खिडकीचे ग्रील, जिन्याचा कठडा, ओसरीची जाळी, फाटक. लोखंडाला कमी लेखण्याची सध्या पद्धत पडली आहे. माझ्या मते नक्षीकामासाठी त्याच्याइतका कामाचा धातू दुसरा नाही: वाकते, पीळ घेते, वेल्डिंग सोपे आणि गावातला माणूस दुरुस्त करू शकतो. ते बिघडते ते रंगाआधीच्या हलगर्जीपणामुळे. वेल्डिंगच्या सांध्यावर जळालेली खपली तशीच ठेवून तिच्यावर रेड ऑक्साइड फासला, तर पहिल्याच पावसाळ्यात सांध्यापासून गंज सुरू होतो. सांधा घासून पांढरा करायचा, त्याच दिवशी प्रायमर लावायचा, आणि तो पूर्ण वाळल्यावर वरचे हात द्यायचे. पोकळ चौकोनी पाइप वापरला तर वरचे तोंड बंद करावे आणि तळाशी बारीक भोक ठेवावे; आत साचलेले पाणी पाइपाला आतून खाते आणि बाहेरून वर्षानुवर्षे काही कळत नाही. लोखंड सिमेंटमध्ये गाडलेले असते तिथे ते सुरक्षित असते, कारण सिमेंटचा अल्कधर्म त्याला सांभाळतो. ते जिथे सिमेंटमधून बाहेर पडते ती बोटभर जागा धोक्याची, आणि रंगाचा एक जास्तीचा हात तिथेच हवा.

स्टेनलेस स्टीलबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण फसगत इथे सर्वांत जास्त होते. "एसएस आहे" एवढ्यावर गिऱ्हाईक समाधानी होते. पण एसएस ही एक मोठी जात आहे. ३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२मध्ये निकेल निम्म्यावर आणलेले असते आणि त्याची जागा साडेसात ते दहा टक्के मँगनीजने भरून काढलेली असते. १९५०च्या दशकात निकेलची टंचाई होती तेव्हा या २०० मालिकेचा प्रसार झाला. ४३०मध्ये निकेल जवळजवळ नसतेच. ३१६मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि ते खाऱ्या हवेसाठी असते. रत्नागिरी-मालवणच्या माणसाने ३१६ मागावे. सडक अर्जुनीत त्याचे जास्तीचे पैसे देण्याचे कारण नाही. आपल्याकडे न्हाणीघर, वॉशबेसिनची भिंत, बाहेरचा कठडा इथे ३०४ पुरते, आणि दिवाणखान्यातल्या कोरड्या कपाटाला २०२ही चालते. तक्रार २०२बद्दल नाही. ते ३०४च्या भावाने विकले जाते, याबद्दल आहे.

लोहचुंबक लावून प्रत ओळखता येते असा समज घट्ट आहे. लोखंड आणि ४३० चुंबकाला चिकटतात, हे खरे. पण ३०४ आणि २०२ दोन्ही चिकटत नाहीत, आणि वाकवलेल्या कडेला दोन्ही किंचित ओढ घेतात. म्हणजे नेमका जो फरक कळायला हवा तो चुंबक दाखवत नाही. त्यासाठी बाजारात थेंब टाकून रंग बघायचे रसायन मिळते. मोठे काम असेल तर फॅब्रिकेटरकडे ते असायलाच हवे. नसेल तर निदान बिलावर प्रत लिहून घ्यावी.

सोनेरी, गुलाबी-सोनेरी, काळ्या स्टेनलेस पट्ट्या हल्ली 'पीव्हीडी' या नावाने मिळतात. निर्वात पेटीत धातूची वाफ करून तिचा अतिशय पातळ थर स्टीलवर बसवतात. सोनेरी रंग बहुधा टायटॅनियम नायट्राइडचा असतो. हा थर रंगापेक्षा कितीतरी कठीण असतो आणि नखाने-चावीने सहज ओरखडत नाही. पण थर पातळ असल्याने त्यात सूक्ष्म छिद्रे राहतात, आणि त्या छिद्रांतून ओल खाली पोहोचली की खालचे स्टील कोणत्या प्रतीचे आहे यावर सगळे अवलंबून राहते. दुसरी गोष्ट वेल्डिंगची. थर दिल्यानंतर वेल्डिंग केले की तेवढा भाग जळून निळा-काळा होतो आणि मग त्यावर कुणीतरी सोनेरी स्प्रे मारतो. जाळी आधी पूर्ण जोडून, घासून, मगच थर देण्यासाठी नागपूर-रायपूरला पाठवणारा फॅब्रिकेटर थोडा महाग पडतो, पण काम त्याच्याचकडून घ्यावे.

या पट्ट्यांचे खरे मरण मात्र हवेत नाही, ते फरशी धुण्याच्या दिवशी असते. टाइल बसवून झाल्या, सांधे भरले की सिमेंटचा पांढरा थर काढायला मिस्त्री बादलीत ॲसिड ओततो. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. बाटली उघडताच धूर निघतो, डोळे चुरचुरतात, आणि खोलीची दारे-खिडक्या बंद असतील तर तो धूर रात्रभर आत फिरतो. सकाळी फरशी चकचकीत असते आणि सगळे खूश असतात. आठवड्याभराने स्टीलच्या पट्टीवर टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके उमटतात. बोट फिरवले तर खडबडीत लागतात. स्टेनलेस स्टीलचा बचाव करणारा क्रोमियमचा अदृश्य पापुद्रा क्लोराइडने तिथे फाटलेला असतो. मग दुकानदार म्हणतो पाणी खराब आहे, मिस्त्री म्हणतो माल खराब आहे. ३०४ असले तरी या धुराने ठिपके पडतात, पितळ लालसर होते आणि ॲल्युमिनियमवरचा थर उतरतो. उपाय फुकट आहे: सजावटीचा धातू ॲसिडची धुलाई आटोपल्यानंतर, घर दोन दिवस उघडे ठेवून, शेवटी बसवायचा. टाइलच्या कडेची पट्टी टाइलबरोबरच बसवावी लागते. तिच्यावरचे प्लास्टिकचे आवरण काढू द्यायचे नाही आणि त्या खोलीत ॲसिडऐवजी सिमेंट ओले असतानाच ओल्या स्पंजने पुसून घ्यायला सांगायचे.

आता पितळ. माझा कल पितळेकडे आहे, हे आधीच सांगतो. तांबे साठ ते सत्तर टक्के आणि बाकी जस्त, असा हा मिश्रधातू. त्याचा रंग वरून दिलेला नसतो, आतपर्यंत तोच असतो. ओरखडा पडला तर खाली पुन्हा पितळच निघते. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घासलेला कोयंडा झिजतो पण पोपडे सोडत नाही. काळवंडले की चिंच लावा, पितांबरी लावा, पुन्हा उजळते. चिंचेतले आम्ल वरचा ऑक्साइडचा थर विरघळवते. नव्या पितळी मालावर मात्र पारदर्शक लॅकर असते. ते शाबूत असेपर्यंत चिंच किंवा पावडर लावू नये, ओल्या फडक्याने पुसणे पुरे. घासले की लॅकर जागोजागी फाटते आणि पट्टी डागाळलेली दिसते. एक तर लॅकर राखावे, नाहीतर थिनरने पूर्ण काढून टाकून दर सणाला घासायची तयारी ठेवावी. अर्धवट अवस्था सर्वांत वाईट.

पितळेचा एक शत्रू मात्र आपल्या अंगणातच आहे आणि त्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत. पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांत साठवला जाई. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि ठोकून आकार दिलेल्या पितळेत अडकून राहिलेला ताण, या तिघांच्या मेळाने धातूला भेगा पडत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१मध्ये याचा उलगडा केला. तबेल्याच्या जागी आपला गोठा ठेवून बघा. गोठ्याला लागून असलेल्या भिंतीवर पत्रा वाकवून केलेली पितळी पट्टी किंवा पोकळ पितळी नळी बसवली, तर तीच गोष्ट घडू शकते: वरून चकचकीत आणि वाकवलेल्या कडेवर केसासारखी भेग. ओतीव पितळेत असा ताण फार कमी असतो, त्यामुळे ओतीव मूठ किंवा कडी तिथे अधिक भरवशाची. वाकवलेला मालच हवा असेल तर कारागिराकडून तो बेताने तापवून ताण काढून घ्यावा. उंबरठ्याच्या पट्टीचेही असेच. तिथे सड्याचे पाणी रोज पोहोचते, हळदी-कुंकू लागते. पट्टी फरशीशी अगदी सपाट बसवून पाणी साचू न देणे आणि दुपारी एकदा पुसणे एवढे केले तर पितळ उंबरठ्यावर फार शोभते.

ॲल्युमिनियम हलके, स्वस्त, कापायला सोपे. घनता २.७, म्हणजे पितळेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. खात्री करून घ्यायला हीच चांगली खूण आहे: १० मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड आणि एक मीटर लांब भरीव पट्टी पितळेची असेल तर सुमारे २५५ ग्रॅम भरते, लोखंडाची २३५, ॲल्युमिनियमची अवघी ८१. सराफाकडे नाही तरी किराण्याच्या काट्यावर हे कळते. पोकळ किंवा पातळ पत्रा वाकवून केलेल्या पट्टीला हा हिशेब लागू नाही; तिथे कापलेली कड बघावी. आत पिवळे तर पितळ, पांढरे आणि हलके तर ॲल्युमिनियम, पांढरे आणि जड तर स्टील.

ॲल्युमिनियम घ्यायचे तर ॲनोडाइज केलेले घ्यावे. त्यात वरचा थर धातूतूनच तयार होतो, त्यामुळे तो रंगासारखा सोलत नाही. थर किती मायक्रॉनचा हे विचारावे. बाहेरच्या बाजूला १५ मायक्रॉनपेक्षा कमी घेऊ नये. मात्र त्याचे आणि ताज्या सिमेंटचे हाडवैर आहे. ओल्या सिमेंट-चुन्याचा अल्कधर्म ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. बांधकामाचे हलके एएसी ब्लॉक याच गुणावर तयार होतात: मिश्रणात ॲल्युमिनियमची भुकटी टाकतात आणि बुडबुड्यांनी ते फुगते. कारखान्यात जे मुद्दाम घडवतात ते आपल्या दाराच्या चौकटीवर नकळत घडते. प्लास्टरचा शिंतोडा पडून वाळला की खाली कायमचा पांढरट डाग राहतो. गिलावा आणि चुन्याचा हात आधी, ॲल्युमिनियम नंतर. आधी बसलेच असेल तर शिंतोडा ओला असतानाच पुसावा.

उन्हाचा हिशेब बहुतेक सुतार करत नाहीत. सगळे धातू तापले की वाढतात, पण सारखे नाही. हिवाळ्यातल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत पट्टीचे तापमान ३५ अंशांनी बदलले असे धरले, तर तीन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे २.४ मिलिमीटर वाढते, पितळेची २, ३०४ची १.८ आणि लोखंडाची सव्वा मिलिमीटर. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन थेट पडते तिथे फरक याहून जास्त. दोन्ही टोके घट्ट अडकवली तर पट्टी मधेच फुगून भिंतीपासून सुटते आणि दोष गोंदाला जातो. प्रत्येक टोकाला दोन-तीन मिलिमीटर जागा सोडावी आणि गोंद वाळल्यावरही लवचीक राहणारा घ्यावा. पश्चिमेच्या दाराला पूर्ण धातूची मूठही नको. मे महिन्यात दुपारी तिला हात लावता येत नाही. धातूत सागाची पकड बसवलेली मूठ बरी.

तांब्याबद्दल थोडक्यात. देवघरामागची छोटी पट्टी किंवा दिव्याखालचे ताट यांपलीकडे ते सजावटीला महाग पडते आणि मऊ असल्याने चेपते. पण तांबे आणि पितळ या दोघांचा एक गुण मोलाचा आहे: त्यांच्या उघड्या पृष्ठभागावर जिवाणू फार काळ तग धरत नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंची या गुणासाठी अधिकृत नोंद केली. लॅकर असेल तर हा उपयोग होत नाही. जिथे सगळ्यांचे हात लागतात त्या मुठी उघड्या पितळेच्या असाव्यात, असे मला वाटण्याचे हेही एक कारण आहे. पाणी चढवलेल्या जस्ताच्या मुठी मात्र टाळाव्यात. स्क्रूच्या भोकात डोकावले की करडा रंग दिसतो. घामाने आणि ओलीने वरचे पाणी फुगून फोड येतात आणि त्यावर दुरुस्ती नाही.

छपराच्या कडेला रंगीत पत्र्याची झालर लावतात, तिच्यावर बहुधा ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप असतो. राहत्या घराला ती उत्तम, गोठ्याच्या छपराला नको. कारण पुन्हा तोच अमोनिया.

आणखी दोन जोड्या सांभाळायच्या आहेत. एक म्हणजे धातूला धातू. ॲल्युमिनियमच्या पट्टीत पितळेचा स्क्रू ओल्या जागी बसवला तर ॲल्युमिनियम स्क्रूभोवती झिजत जाते. लोखंडी स्क्रू पितळेत बसवला तर लोखंड जाते आणि पितळेवर गंजाचे ओघळ येतात. स्टेनलेसचे स्क्रू बहुतेक ठिकाणी चालतात, फक्त ओल्या जागी ॲल्युमिनियमखाली प्लास्टिकची चकती घालावी. दुसरी जोडी लाकडाची. आपल्याकडे सागाबरोबर बीजा आणि बाभूळही वापरतात. या लाकडांत टॅनिन असते आणि ते लोखंडाला ओलीत भेटले की निळसर-काळा डाग पडतो, जो सहजासहजी जात नाही. अशा लाकडावर लोखंडी फुल्या किंवा खिळे शोभेला लावायचे असतील तर लाकूड आधी पूर्ण वाळलेले आणि पॉलिश केलेले हवे. पितळी फुल्या लावल्या तर ही चिंता नाही.

पैशाचा मेळ कसा घालायचा, यावर माझे मत स्पष्ट आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाला जे साहाय्य मिळते त्यात भिंती-छप्पर उभे करतानाच माणूस मेटाकुटीला येतो. तिथे सजावट म्हणजे नीट रंगवलेले लोखंडी ग्रील आणि दर्शनी दाराला एक ओतीव पितळी कडी, एवढे पुरे आणि तेवढ्याने घराला खरोखर रूप येते. ज्याच्याकडे थोडे जास्त आहे त्याने ते सगळ्या भिंतींवर सोनेरी पट्ट्या फिरवण्यात घालवू नये. हात लागतो तिथे पितळ, पाणी लागते तिथे ३०४, पाऊस लागतो तिथे चांगले रंगवलेले लोखंड आणि कोरड्या कपाटात ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम, अशी वाटणी केली तर खर्च उलट कमी होतो, कारण महाग धातू फक्त थोड्या जागी लागतो.

काम देताना फॅब्रिकेटरकडून आणि दुकानातून पक्के बिल घ्यावे. त्यावर धातूची प्रत, पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये, ॲनोडायझिंग असेल तर मायक्रॉन आणि सोनेरी थर कोणत्या पद्धतीचा, हे लिहून घ्यावे. "१६ गेज" म्हणून पातळ पत्रा सर्रास खपवला जातो, म्हणून मिलिमीटरचाच आग्रह धरावा. घ्यायच्या पट्टीचा वीतभर तुकडा आधी मागून न्यावा, त्याची कड कानसीने घासून आतला रंग बघावा, आणि तो तुकडा पंधरा दिवस न्हाणीघरात ओल्या फडक्याखाली ठेवावा. डाग न पडता निघाला तरच उरलेल्या मालाचे पैसे द्यावेत.